नव्या भाताचा सवा महिना

सकाळचे साडेदहा वाजले की शिवणाच्या मशीनवर माझा पाय अजूनही थबकतो. पान आणलं का, मडकं धुतलं का, कोरा चहा केला का, हे सगळं एकदम डोक्यात येतं आणि मग आठवतं की आता यातलं काहीच करायचं नाहीये. गेल्या वर्षी भाद्रपदापासून सवा महिना आमच्या घरी रोज सण होता. रोज म्हणजे अगदी रोज. दिवाळीसुद्धा चार दिवसांत आटपते. आमचा सण आटपत नव्हता, आणि आटपू नये म्हणून मीच जीव तोडून धावत होते. कुणाला सांगायला बसले की माझं बोलणं पळतं आणि मधलं निम्मं राहून जातं, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमचा पाडा डहाणूकडच्या कैनाडपासून आत, डोंगराच्या अंगाला. पंधरा-वीस घरं. बाबांनी जन्मभर तिथे भात आणि नागली केली. तीन-चार वर्षांपूर्वी ते विसरायला लागले. आधी विळा कुठे ठेवला ते, मग शेतावरून घरी यायची वाट, मग आई वारली हेच. दादाला तलासरीला कंपनीत पाळ्या असतात, वहिनी आणि मुलं तिकडेच. मी सरावलीला खोली घेऊन ब्लाऊज शिवायचे, एकटी. माझा धंदा उचलून नेता येण्यासारखा होता, म्हणून मशीनसकट मीच आले.

मी मुळात घाईची आणि तोंडाळ. कुणी तीच बाही तिसऱ्यांदा सैल करायला आणली तर मी तोंडावर सांगते, बाई, आता दंड बदल. अशा माणसाच्या वाट्याला दिवसातून चाळीस वेळा तोच प्रश्न विचारणारा बाप आला. पहिले सहा महिने मी नुसते वाद घातले. "आयस कुठं गेली तुझी?" बाबा विचारायचे. "वारली ना, दोन वर्षं झाली," मी सांगायचे. त्यांना ते दरवेळी नव्याने कळायचं आणि ते दरवेळी नव्याने रडायचे. एका माणसाला किती वेळा विधुर केलं मी, मोजलं नाही. अक्कल आली तेव्हा म्हणायला लागले, "पाण्याला गेलीय." मग ते मान हलवायचे आणि ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे.

आता नव्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. शेतात भात पिकलं तरी कणसरीला, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीला, वाढल्याशिवाय नव्या भाताचा दाणा आम्ही तोंडात घालत नाही. यालाच नवं करणं म्हणतात. आमच्या पाड्यात ते पहिल्यांदा आमच्या घरी होतं. बाबा देवीला वाढतात, मग अंगणात उभे राहून हाक देतात, "नवं झालं, खा आता." ही हाक ऐकल्यावर बाकीच्या घरांत नव्या तांदळाची मडकी चुलीवर चढतात. त्याआधी बाबांचे वडील हाक द्यायचे. बाबा कधी सरपंच नव्हते, भगत नव्हते, चार माणसांत बोलायलासुद्धा लाजायचे. पण वर्षातली ती एक हाक त्यांची होती.

तर भाद्रपद. ओट्यावरून दिसणाऱ्या खालच्या शेतात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कणसावर आलं. त्या दुपारी मी बाबांपुढे ताट ठेवलं आणि त्यांनी ते दोन बोटांनी सरकवलं.

"नवं नांय झालं अजून. कसा खाऊ?"

"बाबा, हा जुना तांदूळ. रेशनचा."

त्यांनी भाताचा वास घेतला. "नवा हाय."

मी गोणी आणून दाखवली. त्यांनी गोणीचाही वास घेतला. दुसऱ्या दिवशी नागलीची भाकरी केली, तर नागलीही नवी ठरली. भाकरीला लागून होती म्हणून भाजीही तशीच ठेवली. चहात बुडवून दोन बिस्किटं आणि एखादं केळं, एवढंच पोटात जात होतं. डोळ्यांसमोर कणसं, तेव्हा त्यांच्या लेखी जगातला प्रत्येक दाणा नवा होता आणि देवीला अजून वाढलेलं नव्हतं. मी चिडले, विनवलं, एकदा तर त्यांच्यापुढे बसून मीच खाऊन दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घास खाली ठेवला.

आठवड्याने डहाणूच्या डॉक्टरांकडे नेलं. काट्यावर एकेचाळीस किलो. डॉक्टर चांगले होते, बाबांशी आधी बोलले, मग मला बाजूला घेतलं. अन्न पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पंधरा दिवसांनी नाकातून नळी घालायचा विचार करावा लागेल, म्हणाले. बाबा बोटांनी सारखं काहीतरी उपटत असतात. शर्टाची बटणं मी दर आठवड्याला लावते. ती नळी ते एक तास राहू देणार नाहीत, आणि मग त्यांचे हात खाटेला बांधावे लागतील. ज्या हातांनी मला भात लावायला शिकवलं, ते बांधायचे. जीपमध्ये घरी येईपर्यंत मला दुसरं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तर कहरच झाला. मी मशीनवर होते. शेजारच्या काकींचा आवाज आला आणि मी धावले. काकींच्या घरी सगळे जेवायला बसले होते. बाबा आत शिरून एकेकाच्या पुढचं ताट उचलत होते आणि कोपऱ्यात एकावर एक रचत होते. "नवं झालं नांय आणि खाता कशाला? लाज नांय वाटत?" काकींच्या सुनेच्या हातात घास तसाच. काका रागाने लाल. बाबा मात्र एवढे ताठ उभे होते की मी गेल्या दोन वर्षांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

मी ताटं परत मांडत माफी मागत होते, तेवढ्यात काकी माझ्यावरच डाफरल्या. "त्याला नवं करायचंय तर करू दे की एकदाचं. तू कशाला अडवतेस?"

मी तिथेच, हातात ताट घेऊन, उभी राहिले. इतके दिवस मी बाबांना पटवत होते की भात जुना आहे. त्यांना भाताबद्दल काही ऐकायचंच नव्हतं. त्यांचं काम राहिलं होतं.

मग मी धावत सुटले. खालच्या शेतातून मूठभर कणसं आणली आणि हिरव्या ब्लाऊजच्या उरलेल्या दोऱ्याने त्यांची जुडी बांधली. पळसाचं पान तोडलं. आईचं छोटं मडकं माळ्यावरून काढलं. रेशनचाच तांदूळ सुपात पाखडला, शिजवला आणि बाबांना हाक मारली. खरं सांगते, माझा विश्वास नव्हता. ज्या माणसाला सदऱ्याची उजवी बाही सापडत नाही, तो काय करणार?

बाबांनी पाय धुतले. कणगीसमोर बसले. पानावर भाताचे सात ढीग घातले, एकसारखे, मापून घातल्यासारखे. पहिला कणसरीचा. दुसरा घरच्या देवाचा. तिसरा गेलेल्यांचा, आणि तिथे त्यांनी आपला बाप, आजा, दोन भाऊ, सगळ्यांची नावं घेतली. चौथा चुलीचा, पाचवा बैलांचा, सहावा वाघदेवाचा, सातवा वाटेने येईल त्याचा. मोहाच्या दारूचे थेंब सोडले. मग उठले, अंगणात गेले आणि हाक दिली. तीच हाक, थोडी कापरी. आत येऊन ताटावर बसले आणि सगळं ताट संपवलं. वर भात मागितला. मी वाढत होते आणि हसत होते आणि नाक पुसत होते, तिन्ही एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी ताट ठेवलं. बाबांनी दोन बोटांनी सरकवलं.

"नवं नांय झालं अजून."

मग म्हटलं, बरं. नाही झालं तर नाही झालं. आणि पुन्हा पळसाच्या झाडाकडे पळाले.

शनिवारी दादा मोटारसायकलवरून आला तेव्हा पाचवं नवं चाललं होतं. बाबांचं होईपर्यंत तो दारात उभा राहिला, मग मला मागच्या दारी घेऊन गेला. "वर्षातून एकदा करायचं ते तू रोज करतेस? हा काय खेळ आहे? पाड्यात कुणाच्या घरी काही वाईट झालं तर बोट आपल्याकडे दाखवतील."

"मग तू इथे राहा," मी म्हटलं, "आणि नळी घालतील तेव्हा बाबांचे हात धरून बस."

दादाला देवाची भीती आहे आणि मला दादाच्या गप्प बसण्याची. शेवटी आम्ही दोघं पाड्याचं देवाचं बघणाऱ्या भगतांकडे गेलो. भगतांनी सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि एकच विचारलं, "म्हातारा जेवतो का?"

"जेवतो," दादाच म्हणाला.

"मग कणसरीचं काम झालं. तिला रोज वाढलं तर ती रागावंल कशाला? तिला अजीर्ण होणार हाय का?" दादाला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. निघताना भगतांनी मला थांबवलं. "पण एक. खरं नवं करशील तवा खरंच कर. तो दिस या दिसांत मिसळू देऊ नको."

एवढी परवानगी मिळाल्यावर काय विचारता. आमचा रोजचा सण सुरू झाला. मला उठल्या उठल्या कामाचा हुरूप यायचा. मशीन मी साडेदहाला बंद करायचे. जुनं मडकं तडकलं तेव्हा कासा गावच्या बाजारातून दोन नवीन आणली, एक तडकलं तर दुसरं हवं म्हणून. दारू रोज कुठून आणणार, म्हणून थेंबांना कोरा चहा केला. बाबांनी वास घेतला आणि म्हणाले, "यंदा पातळ उतरलीय." पण थेंब सोडले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले.

ढिगांचा क्रम, आधी काय, मग काय, हे मी माझ्या मापाच्या वहीत लिहून ठेवलं. छाती, कंबर, बाहीची लांबी, आणि त्याच पानावर कणसरी, घरचा देव, गेलेली माणसं. एकदा घाईत भात कमी शिजला म्हणून मीच म्हटलं, आज सहाच ढीग घाल. बाबांनी मान वर केली. "वाघदेवाला उपाशी ठेवू? बांधावर रोज कोण जातो, तू की मी?" ज्यांना मी कोण हे आठवत नव्हतं, त्यांना वाघदेव आठवत होता. मला राग यायला हवा होता. मी इतकी खूश झाले की पुन्हा तांदूळ टाकले.

आणि हाक. पहिले दोन-तीन दिवस हाक ऐकून पाड्यात लोक हसायचे. चौथ्या दिवशी काकींनी आपल्या ओट्यावरून उत्तर दिलं, "हो बाबा, बसतो जेवायला." बाबांचा चेहरा असा उजळला की काकींना चटकच लागली. मग पलीकडच्या घरातून, मग विहिरीजवळच्या घरातून उत्तरं यायला लागली. जे कामावर जायचे ते सुट्टीच्या दिवशी आवर्जून ओरडायचे. साडेअकराला बाबांची हाक आणि चारी बाजूंनी "हो बाबा." लोक म्हणायचे, घड्याळ कशाला हवं. महिन्याने डॉक्टरांकडे नेलं तर काट्यावर चव्वेचाळीस. नळीचं नाव निघालं नाही. मी डॉक्टरांना सगळं सांगत सुटले, बाहेर रांग खोळंबली होती तरी. शेवटी तेच म्हणाले, चालू ठेवा.

मग शेत पिवळं झालं आणि खरं नवं आलं.

भगतांचं बोलणं माझ्या डोक्यात होतं, म्हणून काही कमी ठेवलं नाही. खरी कणसं, नव्या लुगड्याच्या काठाने बांधलेली. नवा तांदूळ उखळात कांडलेला, त्याचा वास घरभर. दारू खरी. काकडी किसून पानात वाफवलेले पानगे. दादा वहिनीला आणि मुलांना घेऊन आदल्या दिवशीच आला. सकाळी अख्खा पाडा अंगणात जमला, न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून. यंदा बाबा करणार, हे सगळ्यांना बघायचं होतं. मला तर वाटत होतं की सवा महिना ज्याची तालीम केली ते नाटक आज आहे.

बाबांनी पाय धुतले. कणगीसमोर बसले. पान समोर, मडकं बाजूला. आणि ते हाताकडे बघत बसले.

आम्ही वाट बघितली. मुलं कुजबुजली, कुणीतरी खोकलं, कुणाचा तरी मोबाइल वाजला. बाबांनी मान वर करून दारात दाटलेली गर्दी बघितली आणि त्यांचे डोळे भिरभिरायला लागले. रोज आम्ही दोघंच असायचो. एवढी माणसं त्यांच्यासाठी कोण होती? त्यांनी पान थोडं सरकवलं, परत ओढलं. बोटं शर्टाच्या बटणाकडे गेली. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं, आणि मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या देत होते. ते उठून गेले तर नवं होणार नव्हतं, आणि नवं झालं नाही तर ते जेवणार नव्हते. आज खोटं करून भागणार नव्हतं.

कुणीतरी दादाला पुढे ढकललं. दादा पांढरा पडला. "मला क्रम येत नाही," तो हळूच म्हणाला, माझ्याकडे बघून.

"बाईमाणसानं केलेलं नांय कधी," मागून एक म्हातारा म्हणाला.

"मग रोज बाजूला बसून कोण करवतं?" काकी म्हणाल्या. "कर गं तू."

मी बाबांच्या बाजूला बसले. वही मशीनवर होती, ती लागलीच नाही. पहिला ढीग कणसरीचा, दुसरा घरच्या देवाचा. तिसऱ्याला माझा हात थांबला. गेलेल्यांत बाबा आईचं नाव घेत नसत, त्यांच्यासाठी ती पाण्याला गेलेली होती. पण हे खरं नवं होतं, आणि आईला न वाढता मी ते करू शकत नव्हते. पणज्याचं, आज्याचं नाव घेतलं, बाबांच्या दोन्ही भावांची घेतली, मग आईचं घेतलं, मोठ्याने. बाबा माझ्याकडे वळले.

"तिला थोडा जास्त घाल," ते म्हणाले. "दमते ती."

मी जास्त घातला. चूल, बैल, वाघदेव, वाटेने येणारा. थेंब सोडले. मग अंगणात उभी राहिले आणि हाक द्यायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. गिऱ्हाइकांवर ओरडणारी मी. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा चिरका का होईना, निघाला. "नवं झालं. खा आता." सगळा पाडा तिथे समोर उभा होता, तरी सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, "हो."

आत बाबा विचारत होते, "झालं नवं?"

"झालं."

"कोणी केलं?"

"मी केलं."

त्यांनी मला नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, कामाला नवा गडी बघतात तसं. मग ताटाकडे हात नेला. ते जेवले तसा पाडाही जेवला. त्या दिवशी मी किती पानगे खाल्ले ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी मशीन बंद केलं. पान आणलं, मडकं धुतलं, चहा केला. बाबा ओट्यावरून आत आले, कणगीपुढची मांडामांड बघितली.

"हे कशाला?"

"नवं करायचं ना, बाबा."

"ते झालं ना. वाढ मला."

मी वाढलं. त्यांनी सगळं ताट संपवलं. त्यानंतर कधीच त्यांनी ताट सरकवलं नाही. जे काम राहिलंय म्हणून त्यांना घास उतरत नव्हता, ते आता त्यांचं राहिलं नव्हतं. ते जेवावेत म्हणून तर मी सगळं केलं होतं आणि ते जेवत होते. मी नाचायला हवं होतं. पण साडेअकराला पाडा गप्प होता, काकी आपल्या ओट्यावर येऊन उगाच उभ्या होत्या, आणि मी ते पळसाचं पान घेऊन मागच्या दारी बसले आणि रडले. ताठ उभा राहून हाक देणारा माझा बाप मला सवा महिना परत मिळाला होता. तो मीच कामावरून मोकळा केला होता.

आता बाबा जास्त वेळ खाटेवर असतात. बोलणं कमी झालंय. मला कधी वहिनी म्हणतात, कधी मास्तरीण, कधी काहीच नाही. वजन मात्र टिकून आहे.

यंदाही खालचं शेत कणसावर आलंय. परवा काकी कुंपणाशी आल्या आणि सवयीने बाबांनाच विचारलं, "बाबा, नवं कवा करायचं?"

मी भात वाढत होते. बाबांनी काकींकडे बघितलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"तिला विचार," ते म्हणाले. "ते तिचं काम हाय."